पूजेबाहेरच्या थाप्या

अवंतिकाला नोकरी लागली तेव्हा तिचं पहिलं काम होतं फोटोत उभं राहणं. ग्वाल्हेरच्या कंपू भागात नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं वसतिगृह बांधलं जात होतं. पैसा दिल्लीच्या एका संस्थेचा होता, आणि संस्थेची अट अशी की मुलींची इमारत उभारायला बायकाही हव्यात. नुसत्या ओझी वाहायला नव्हे, तर गवंडीकामापासून इंजिनियरीपर्यंत सगळीकडे. ठेकेदार जयसिंहरावांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि सिव्हिल झालेली एक मुलगी नेमली. ती हेल्मेट घालून नकाशा वाचते आहे असा फोटो दिल्लीला गेला. नकाशा उलटा होता. तो तिने मुद्दामच उलटा धरला होता. कोणी विचारलं, तर निदान फोटो कोणीतरी बघतं एवढं तरी कळेल म्हणून. कोणी विचारलं नाही.

जयसिंहरावांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले होते. पुढे घोडे गेले, तलवारी दिवाणखान्यात टांगल्या गेल्या, वंशज ठेकेदारीत आले. जयसिंहरावांचं बोलणं मात्र घोड्यावरून उतरायला तयार नव्हतं. वाळूचा ट्रक आला की ते म्हणत, “रसद आली.” मजुरांनी दांडी मारली की “फौज फुटली.” पाण्याचा टँकर वेळेवर आला नाही की “वेढा पडला.” तेव्हा दिल्लीची अट ही त्यांच्या लेखी स्वारीच होती, आणि स्वारी परतवायची असते, पाळायची नसते.

अवंतिकाच्या फोटोनंतर त्यांनी आणखी दोन मोर्चे बांधले. पहिला म्हणजे बायको. सुधाताई एका सकाळी कंपनीच्या संचालिका झाल्या आणि गुलाबी हेल्मेट घालून साइटच्या ऑफिसात खुर्चीवर बसू लागल्या. नुसतं बसवत नाही म्हणून घरची भाजी तिथेच निवडायच्या. दुसरा मोर्चा बायकांच्या स्वच्छतागृहाचा. दारावर बाईचं चित्र काढायला जो पेंटर बोलावला, त्याचा हात निवडणुकीच्या पोस्टरांवर बसलेला. त्याने हात जोडलेली, हसतमुख, पदर सावरलेली बाई काढली. येणारे-जाणारे तिला नमस्कार करू लागले. एका म्हाताऱ्याने तर आत न जाता बाहेरूनच रेशनकार्डाची तक्रार सांगितली.

राहिल्या गवंडी बायका. तिथे मिशीवरून बोट फिरवून भागत नव्हतं.

साइटवर बायका नव्हत्या असं नाही. रोज सकाळी हजीऱ्याच्या वस्तीतून टेम्पो भरून यायच्या. विटा, वाळू, सिमेंट कालवलेला मसाला, सगळं त्यांच्या डोक्यावरून वर जायचं. इकडे त्यांना रेजा म्हणतात. रेजा वीट वाहते, वीट लावतो तो कारीगर. दोघांमधलं अंतर हातभराचं: रेजाने वीट खाली ठेवायची, कारागिराने उचलायची. पण त्या हातभरातून पलीकडे गेलेली बाई जयसिंहरावांच्या साइटवर आजवर कोणी पाहिली नव्हती.

ते अंतर बघून बघून वैतागलेल्या बाईचं नाव रामकली. लग्नाच्या आधीपासून ती घमेली वाहत होती, आणि डोक्यावर घमेलं असताना तिचं तोंड मिक्सरपेक्षा जोरात चालायचं. अवंतिका आली त्याच दिवशी तिने भर साइटवर विचारलं, “दीदी, आप सच्ची की इंजीनियर हो, के फोटू वाली?”

हे अवंतिकाला फार लागलं. त्या भरात ती म्हणाली, “सच्ची की.”

“तो हमें चिनाई सिखा दो.”

“शिकवीन. और सुन, ही बिल्डिंग पुरी व्हायच्या आत हिच्या खऱ्या भिंतीत तुझ्या हातची वीट लागेल. कारीगर बनून लावशील.” हे तिने मराठी-हिंदीच्या मधोमध उभं राहून, सगळ्यांसमोर, हेल्मेट काढून सांगितलं. संध्याकाळी घरी गेल्यावर तिला वाटलं, हेल्मेट काढायला नको होतं.

शब्द दिला तर दिला. जेवणाच्या सुट्टीत इमारतीच्या मागे शिकवणी सुरू झाली. अवंतिकाने स्वतःच्या खर्चाने चार थाप्या, एक दोरी आणि एक ओळंबा आणला. रामकली आणि आणखी तिघी चिखलाच्या मसाल्यात भिंत बांधायच्या, आणि विटा परत लागायच्या म्हणून पाडायच्या. पुन्हा दुसऱ्या दिवशी तीच भिंत. ग्वाल्हेरात एवढ्या वेळा बांधली गेलेली दुसरी भिंत नसेल. एका बकरीला तिच्या सावलीत बसायची सवय लागली होती. भिंत पाडली की ती उठून नाराजीने बघायची.

मुख्य मिस्त्री सूर्याजी जाता-येता विचारायचा, “वा! आज पण पाडणार ना?”

सूर्याजीचे पूर्वज जयसिंहरावांच्या पूर्वजांच्या घोड्यामागून पायी चालत आले होते, असं तो स्वतःच सांगे. “म्हणून सरळ रेषेत चालायची सवय आमच्या खानदानात आहे,” म्हणायचा. खोटं नव्हतं. त्याच्या भिंतीला ओळंबा लावला तर ओळंब्यालाच आपलं काही चुकतंय का असं वाटावं.

“मिस्त्रीजी,” अवंतिकाने एकदा गळ घातली, “त्यांना स्वयंपाकघराच्या भिंतीवर घ्या ना. एकच भिंत.”

“ताई, स्वयंपाकघर त्यांनी चालवावं, माझी कधी ना आहे? भिंत कशाला?”

“सरळ बांधतात हो त्या.”

“सरळ तर माझी सासूपण आहे. तिला काय थर लावायला बसवू?”

ती जयसिंहरावांकडे गेली. ते म्हणाले, “हे बघा अवंतिकाबाई, सूर्याजी रुसून गेला तर मागोमाग सगळी फौज जाईल. आम्ही काय करायचं, तुमच्या त्या बकरीला घेऊन लढायचं? तो ज्या दिवशी स्वतःच्या तोंडानं ह्यांना कारीगर म्हणेल, त्या दिवसापासून चौघी कारीगर. माझा शब्द.”

असा दिवस उगवणार नाही याची खात्री असल्यामुळे शब्द फार रुबाबात दिला गेला.

“मी ऐकलाय हं,” सुधाताई मान वर न करता म्हणाल्या. त्या गवार निवडत होत्या.

“तू मध्ये नको बोलू.”

“मध्ये कुठे? मी संचालिका म्हणून ऐकला.”

मग दिल्लीहून फोन आला. गरिमा नावाच्या मॅडम काम बघायला येणार होत्या. कुठला दिवस सोयीचा? जयसिंहरावांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी चेहऱ्यावर किल्ला जिंकल्याचा भाव घेऊन आले.

“सतरा सप्टेंबर,” ते म्हणाले.

“त्या दिवशी विश्वकर्मा पूजा आहे, साहेब,” अवंतिका म्हणाली. “सगळं काम बंद असतं.”

“तेच तर! त्या दिवशी सगळी अवजारं पूजेला. दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणी थापीला बोट लावत नाही. कोणीच काम करत नसेल, तर बायका काम करत नाहीत हे मॅडमना दिसणार कसं?” पाठ थोपटायला मागे कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी शेजारच्या सिमेंटच्या गोणीवर थाप मारली. गोणीतून धुरळा निघाला. “बुंदी जास्त सांगा. बुंदी खातील, फोटो काढतील, गाडीत बसतील. आणि मॅडमची पाठ फिरली की तुमची ती मागची भिंतही बंद. दुपारची झोपमोड होते लोकांची.”

म्हणजे आता सतरा तारखेला काही झालं नाही, तर कधीच काही होणार नव्हतं. अवंतिकाने हे रामकलीला सांगितलं. रामकली म्हणाली, “तो हमाई थापी भी पूजा में धर देना, दीदी. भगवान तो देख लें.”

पूजा सांगायला अवंतिकाचे मोठे काका रमाकांत आले. त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या दरबारचं पौरोहित्य. काका मात्र आयुष्यभर ऑडिटमध्ये होते आणि निवृत्तीनंतर पूजा सांगू लागले. त्यामुळे त्यांच्याकडून पूजा आणि तपासणी एकदमच व्हायची. “गंध आहे? आहे. अक्षता? आहेत. फुलं कमी का? खुलासा द्या.” लोकांना ते आवडायचं. एवढी तपासलेली पूजा देवाला नाकारता येणार नाही असं वाटायचं.

मोठ्या पाटावर थाप्या, ओळंबे, दोऱ्या ओळीने मांडल्या होत्या. मिक्सरला झेंडूचा हार घातला होता आणि तो लग्नात कंटाळलेल्या मामासारखा दिसत होता. अवंतिकाने चौघींची अवजारं धुऊन पाटाच्या कडेला ठेवली. सूर्याजीने ती एकेक करून उचलली आणि विटांच्या ढिगावर नेऊन ठेवली.

“पूजा कारागिरांच्या अवजारांची,” तो म्हणाला. “घमेली-फावडी कधी ठेवलीत का पाटावर?”

“या थाप्या आहेत, मिस्त्रीजी.”

“रेजाच्या हातातली थापी घमेल्यातच जमा.”

रामकली गप्प राहिली. तिला गप्प बघायची साइटला सवय नव्हती. दोन गवंडी घाबरून जास्तच भक्तीने हात जोडू लागले.

पूजा झाली, आरती झाली, सगळे कारीगर इस्त्रीचे शर्ट घालून सतरंजीवर बसले आणि गरिमा मॅडमची गाडी आली. मॅडम तरुण होत्या, पायात बूट, खांद्यावर पिशवी. उतरल्याबरोबर त्यांनी स्वच्छतागृहाच्या दारावरच्या बाईला नमस्कार केला. जयसिंहराव त्यांना ऑफिसात घेऊन गेले.

“ये हमारी संचालिका.”

“बसा,” सुधाताई परात पुढे सरकवत म्हणाल्या. “गवार निवडता येते?”

लोकांना सामावून घेणं हाच मॅडमचा व्यवसाय असल्यामुळे त्या बसल्या आणि गवार निवडू लागल्या.

“आज तो काम बंद है, मॅडम,” जयसिंहराव हळहळत म्हणाले. “विश्वकर्मा पूजा. औज़ारों को छूना मना. वरना हमारी महिला कारीगर… अब क्या बताऊँ.”

आणि खरोखरच सांगता येण्यासारखं काही नसल्यामुळे ते थांबले.

अवंतिका दारात उभी होती. तिचं लक्ष विटांच्या ढिगाकडे गेलं. तिथे चार थाप्या, एक दोरी, एक ओळंबा पडला होता. ना हळद, ना कुंकू, ना फूल. ती हळूच रमाकांतकाकांजवळ गेली. ते दक्षिणेची पावती करत होते.

“काका, आज हात लावायची बंदी कशाला आहे?”

“पूजेत बसलेल्या अवजारांना.”

“आणि जी पूजेत बसलीच नाहीत, त्यांना?”

काकांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा लावला. निवृत्तीनंतर इतका चांगला प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. ते सबंध साइटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “जे पूजेत नाही, ते बंदीत नाही. बाहेर ठेवलेल्या मालाला आतला नियम कसा लागेल?”

मराठी ठेकेदाराकडे इतकी वर्षं काढलेल्या रामकलीला वेगळं हिंदीत सांगावं लागलं नाही. काकांचं वाक्य संपायच्या आत तिने थापी उचलली होती.

स्वयंपाकघराच्या भिंतीचे दोन्ही कोपरे सूर्याजीने आदल्या संध्याकाळी मधल्या भागापेक्षा चार थर उंच उचलून ठेवले होते. कामाची पद्धतच तशी. आधी मुख्य मिस्त्री दोन टोकांचे कोपरे बांधतो, मग कोपऱ्याला कोपरा जोडणारी दोरी ताणून मधला भाग बाकीचे भरतात. कोपरा चुकला तर सगळी भिंत चुकते, म्हणून कोपरा मिस्त्रीचा. त्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. मुलाने जरी लावला तरी सूर्याजी दोन दिवस जेवत नसे.

मिक्सरला हार घातलेला, म्हणून मसाला फावड्याने कालवला. फावडीही पूजेत नव्हती, कधीच नसायची. चौघींनी दोरी ताणली आणि मधले थर लावायला घेतले. बकरी येऊन बसली. गरिमा मॅडम हातात गवारीची शेंग तशीच धरून बाहेर आल्या.

सतरंजी हळूहळू रिकामी झाली. सगळे कारीगर भिंतीसमोर रांगेत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते दुसऱ्याला बांधताना बघत होते आणि हातात काही नव्हतं. एकाच्या बोटांना खाज सुटली. एक जण हवेतच वीट लावू लागला.

“विटेला पाणी कमी पडलंय,” सूर्याजी भिंतीकडे न बघता म्हणाला.

चौघी थर लावत राहिल्या.

“दोरी ताण ना!”

“तनी है, मिस्त्रीजी. आप बैठो, आज आपकी छुट्टी है,” रामकली म्हणाली.

“अगं सांधा! सांधा भर तो! वरच्यावर कुठे चाललीस?”

“ये कौन हैं?” गरिमा मॅडमनी विचारलं.

“मार्गदर्शक,” अवंतिका म्हणाली.

“कितने सपोर्टिव हैं!” मॅडम भारावल्या. त्यांनी सूर्याजीचा फोटो काढला. फोटोत त्याचे दोन्ही हात काखेत आहेत, कारण पाटावरच्या ओळंब्याकडे ते आपोआप गेले होते आणि रमाकांतकाका मोठ्याने खाकरले होते. नंतर काखेतूनही ते निसटायला लागले तेव्हा तो हातांवर बसला.

ऑफिसच्या दारात जयसिंहराव मिशीवरून बोट फिरवत होते. पण मिशी जिथे संपते त्याच्या पुढे बोट कानापर्यंत जात होतं.

मधले थर चढत चढत कोपऱ्याच्या उंचीला आले. आता दोरी वर घ्यायला कोपरा वर जायला हवा होता. रामकलीने घमेल्यातून मसाला घेतला आणि सरळ डावीकडच्या कोपऱ्याकडे निघाली.

हवेत वीट लावणाऱ्याचा हात थांबला. बकरीसुद्धा उभी राहिली.

“कोपरा नाही!” सूर्याजी ओरडला. “कोपरा माझा आहे!”

“तो लगा लो न, मिस्त्रीजी. रोका किसने है?”

सूर्याजीने पाटावरच्या आपल्या थापीकडे पाहिलं. तिच्यावर हळद होती, कुंकू होतं, वर एक आख्खं जास्वंद होतं. तो रमाकांतकाकांकडे धावला.

“पंडितजी, तिला थांबवा!”

“कुठल्या नियमाखाली?”

“आज थापीला हात लावत नाहीत!”

“तुमच्या थापीला. तिची तुम्ही स्वतःच्या हाताने बाहेर काढलीत. मी साक्षीदार आहे.”

रामकलीने कोपऱ्यावर मसाला पसरला. फार बारकाईने पसरला, काकडीच्या कोशिंबिरीवर कोथिंबीर पसरावी तसा.

“काहीतरी उपाय असेल ना!”

“एकच. ती अवजारं पाटावर घ्यायची. पूजा झाली की बंदी लागू.”

“घ्या मग! आत्ता घ्या!”

“कोणाची म्हणून घेऊ?” काकांनी पळीतलं पाणी तसंच धरून ठेवलं. “संकल्पात सांगावं लागतं. कारागिरांखेरीज कोणाची चालत नाहीत, हा नियम सकाळी तुमचाच होता.”

रामकलीने वीट उचलली होती. ती कोपऱ्यावर वीतभर उंच धरून उभी होती आणि ठेवत नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला एखादं ओझं हलकं लागत असावं.

सूर्याजी भिंतीपाशी गेला. एक डोळा मिटून त्याने नव्या थरांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग दुसरा डोळा मिटून फिरवली. एखादी वीट जरी बाहेर आलेली सापडली असती, तर त्याच्यावर उपकार झाले असते. सापडली नाही.

“कारीगर…” तो म्हणाला आणि थांबला. “कारीगर रामकली.”

“मोठ्याने,” रमाकांतकाका म्हणाले. “मला एका कानाने कमी ऐकू येतं.”

हे त्यांच्या घरीही कोणाला माहीत नव्हतं.

“कारीगर रामकली!” सूर्याजी अख्ख्या कंपूला ऐकू जाईल असं ओरडला. “आणि तिच्या त्या तिघी! त्या पण कारीगर! चौघी कारीगर! झालं? आता घ्या ती थापी तिच्या हातातून!”

“मी ऐकलं हं,” ऑफिसमधून सुधाताईंचा आवाज आला.

जयसिंहरावांचं बोट कानातच राहिलं.

रामकलीने वीट कोपऱ्यावर ठेवली नाही. परत ढिगावर ठेवली, हात धुतले, थापी पाटावर सूर्याजीच्या थापीला चिकटून मांडली आणि सतरंजीवर जाऊन बसली. “थोड़ा सरको, मिस्त्रीजी.” तो सरकला. बुंदी सगळ्यांना मिळाली होती. खोबरं फक्त कारागिरांना मिळतं. सूर्याजीने नारळ फोडला आणि चौघींना वाटला, रामकलीला करवंटीला चिकटलेला कडक तुकडा, पण वाटला.

गरिमा मॅडम फोन उंच धरून गोंधळून उभ्या होत्या. “लेकिन अब इन्होंने काम क्यों बंद कर दिया?”

“ये कारीगर हैं ना,” अवंतिका म्हणाली. “आज कारीगरों की छुट्टी.”

मॅडमनी जरा विचार केला. मग त्याही सतरंजीवर बसल्या, आणि हातातली शेंग त्यांनी सवयीने मोडून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अवंतिका पोचली तेव्हा सूर्याजी उजव्या कोपऱ्याशी उभा होता आणि रामकली डाव्या.

“तो कोपरा बांध तू,” तो सांगत होता. “पण मी वाटेल तेव्हा येऊन ओळंबा लावीन.”

“लगाओ. हम भी आपके में लगाएँगे.”

यावर त्याने नेहमीची आरोळी ठोकली, “मसाला!”

“मसाला!” डाव्या कोपऱ्यावरून रामकली ओरडली.

मधून तिघी ओरडल्या, “मसाला!”

मसाला मिक्सरपाशी तयार होता. तो आणायला कोणी आलं नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला मसाला आजवर ज्या चौघी आणून द्यायच्या, त्या चौघी हातात थापी घेऊन वाट बघत होत्या.

“फौज कुठे गेली?” जयसिंहराव गरजले.

“बढती मिळून वर गेली,” सुधाताई खुर्चीतून उठत म्हणाल्या. त्यांनी गुलाबी हेल्मेट बाजूला ठेवलं, नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची गोल चुंबळ केली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. “नवे मजूर येईपर्यंत तुम्ही. संचालिका म्हणून सांगतेय.”

अवंतिकाने घमेलं उचलून द्यायला मदत केली. जयसिंहराव निघाले, एकेक पाऊल, डोळे समोर, मिशीवरून सिमेंटचं पाणी ओघळत.

“साब, जल्दी!” रामकलीने कोपऱ्यावरून हाक दिली. “और सीधे चलो, टपक रओ है!”

त्या सगळ्या वाटेत त्यांच्या तोंडून ना रसद निघाली, ना वेढा. डोक्यावर घमेलं असताना बोललं की मान हलते आणि मान हलली की मसाला सांडतो, हे त्यांना नुकतंच कळलं होतं. ही बाई इतकी वर्षं हे घेऊन एवढं बोलत कशी होती, असं त्यांना अवंतिकाला विचारायचं होतं. पण त्यासाठी आधी भिंतीपर्यंत पोचायला हवं होतं.